सातारा-सांगलीचा ठेवा : वस्तू जिथं आहे तिथं राहू दे, नोंद मात्र एकत्र हवी

यवतेश्वर

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सवडीनं वाचा.

साताऱ्याचा इतिहास शोधायचा तर साताऱ्यात बसून भागत नाही. थोरले प्रतापसिंह महाराज घ्या. १८३९ साली कंपनी सरकारनं त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथंच वारले. १८४८ साली राज्य खालसा झालं. आता या एका माणसाबद्दल वाचायचं असेल तर सातारच्या छत्रपतींच्या दफ्तराचा मोठा भाग पुण्याच्या पुरालेखागारात आहे. कंपनीचा पत्रव्यवहार लंडनला, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात. त्यांच्या नावाचं नगर वाचनालय मात्र इथं साताऱ्यात. रंगो बापूजी महाराजांची बाजू मांडायला विलायतेला जाऊन वर्षानुवर्षं झगडले, ती सगळी कथा या तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यानं पडलेली आहे.

दुसरं उदाहरण द. ब. पारसनिसांचं. आयुष्य घालवून त्यांनी साताऱ्यात चित्रं, नकाशे, पत्रं जमवली, इथं बसून 'इतिहाससंग्रह' मासिक चालवलं. १९२६ मध्ये ते गेले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथं तो नीट सांभाळला गेला, याबद्दल आनंदच आहे. पण आपल्या किती मुलांना ठाऊक आहे, की हे सगळं मुळात साताऱ्यात उभं राहिलं होतं?

जे इथं उरलंय त्याचीही तीच तऱ्हा. पुस्तकं ग्रंथालय संचालनालयाच्या कक्षेत, जुने सरकारी कागद पुराभिलेख संचालनालयाकडं, वस्तू पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं. खाती तीन, रजिस्टरं तीन. तलवार एकीकडं, ती कुणाला दिली याची सनद दुसरीकडं, सनदेवर लिहिलेलं पुस्तक तिसरीकडं. एकाच्या रजिस्टरात दुसऱ्याचा उल्लेख नाही.

मला वाटतं आपण एक सामायिक सूची करावी. कुठं काय आहे, कुणाकडं आहे, बघायला मिळतं का, एवढंच. वाचनालयं, शाळा, देवस्थानं, घरं, सगळ्यांची. वस्तू कुणीही हलवायची नाही. यात अडचणी काय येतील ते सांगा. आणि तुमच्या माहितीत काय आहे तेही.

---

मेणवलीकर

यवतेश्वर, विषय काढलात ते फार बरं केलंत. वाईच्या बाजूनं लिहितो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं, आणि ती मिळाली आमच्या वाईत, एका वाड्यात. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांचं दफ्तर होतं, ते पुढं पारसनिसांच्या हाती आलं. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचा पाया ज्या कागदांवर रचला गेला, त्यातले कितीतरी कृष्णेच्या या काठावर घराघरांत माळ्यावर पडलेले होते.

अजूनही आहेत. अडचण अशी, की लोक दाखवत नाहीत. 'कुणी पाहुणे आले, दोन गठ्ठे वाचायला म्हणून नेले, परत आलेच नाहीत,' हे आमच्या भागात निदान चार घरांत तरी ऐकायला मिळतं. दुसरी भीती जमिनीची. जुन्या कागदात वतनाचा, वाटणीचा उल्लेख निघाला तर भाऊबंदकी उकरली जाईल, असं वाटतं. हे हसण्यावारी नेऊ नका, ही भीती खरी आहे.

म्हणून माझं म्हणणं : कागद घराबाहेर न्यायचाच नाही. घरातल्या ओसरीवर, घरच्या माणसासमोर फोटो घ्यायचे. एक प्रत त्यांना, त्यांच्याच पेनड्राइव्हवर. सूचीत मालकाचं नाव घालायचं की नुसतं 'वाई तालुका, खाजगी संग्रह' लिहायचं, ते त्यांनी ठरवायचं.

---

दाखल रजिस्टर

मी एका तालुका वाचनालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. यवतेश्वर, तुमचा विचार चांगला आहे. वाचनालयाच्या आतून काय दिसतं ते सांगते.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं आपल्याकडे वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्यावर अनुदान ठरतं. तपासणीला येणारे सभासद किती, ग्रंथ किती, नियतकालिकं किती ते बघतात. दाखल रजिस्टरात पुस्तक चढलं की त्याला क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, ते अस्तित्वात येतं. जे चढत नाही ते कपाटाच्या वर, जिन्याखाली, पोत्यात.

आणि काय चढत नाही माहीत आहे? स्मरणिका. शाळेचा सुवर्णमहोत्सव, सहकारी सोसायटीची पन्नास वर्षं, तालमीचा अमृतमहोत्सव, साहित्य संमेलन. यांच्या स्मरणिका फुकट येतात, किंमत छापलेली नसते, म्हणून कुणी नोंदत नाही. गावाची खरी माहिती मात्र त्यांतच असते : पहिले शिक्षक कोण, विहीर कुणी दिली, इमारतीला वर्गणी कुणी किती दिली. जाहिराती तर सोन्यासारख्या. पेठेत कोणत्या साली कोणती दुकानं होती ते स्मरणिकेच्या शेवटच्या पानांइतकं दुसरीकडं कुठंच सापडत नाही. माझ्या हाताखालून एका हायस्कूलची जुनी स्मरणिका गेली होती. तिच्यात वसतिगृहाच्या खानावळीचा महिन्याचा जमाखर्च छापला होता, ज्वारीच्या भावासकट. ही माहिती कुठल्या ग्रंथात मिळणार?

यात्रेची हँडबिलं, कुस्त्यांच्या मैदानाची पत्रकं, नाटकांचे कार्यक्रम, लग्नपत्रिका, सगळं याच वर्गात. तेव्हा सूची करायची तर सुरुवात रजिस्टरात नसलेल्या गोष्टींपासून करा. रजिस्टरातलं कुठं पळून जात नाही. जिन्याखालचं मात्र पुढच्या रंगकामाला रद्दीत जातं.

---

गड चढणारा

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. सूची-बिची ठीक आहे, पण आपली राजधानी आहे ही. साताऱ्यात एक मोठं केंद्र व्हायला हवं. ग्रंथालय, दफ्तरखाना, संग्रहालय एका छताखाली. पुण्यातलं परत मागायचं, लंडनचंही मागत राहायचं. लंडनहून साताऱ्यात आलेली वाघनखं बघायला लोक कसे लोटले होते ते आपण २०२४ मध्ये पाहिलंय. लोकांना वस्तू डोळ्यांनी बघायची असते, यादी नव्हे.

---

कृष्णाकाठ सांगली

एका छताखाली? दादा, २०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला आलं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. गावभागात, पेठेत तळमजल्यावर जे होतं ते सगळं पाण्याखाली. तुमच्याकडं पूर नसेल, पण आग आहे, वाळवी आहे. सगळं एका ठिकाणी म्हणजे जायचं तेव्हा सगळं एकदम जायचं.

त्या पुरानंतर आम्ही काही जण ओली पुस्तकं वाचवायला धडपडत होतो. तेव्हा शिकलेलं इथं लिहून ठेवतो, कुणाला तरी कामाला येईल.

पाणी उतरल्यावर लोकांनी पहिली गोष्ट केली ती पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकली. कडक उन्हानं पुठ्ठा वाकडा होतो, पानं लाटा आल्यासारखी होतात. गुळगुळीत कागदाची, म्हणजे दिवाळी अंकातली रंगीत पानं, वाळताना एकमेकांना अशी चिकटतात की सगळ्या अंकाची वीट होते. ती नंतर कुणाच्या बापाला सुटत नाही. अशी पानं ओली असतानाच वेगळी करावी लागतात, किंवा ओल्यातच गोठवावी लागतात. ओलं पुस्तक जोर लावून उघडायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. चिखल असेल आणि पुस्तक मिटलेलं असेल तर मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यात अलगद खळबळायचं. मग सावलीत, पंख्याखाली, मध्ये टिपकागद घालून वाळवायचं.

दोन दिवसांत बुरशी धरते. एवढ्या वेळात हजार पुस्तकं हातानं वाळत नाहीत. जगभर याला उपाय एकच करतात, उणे १८-२० अंशांवर गोठवून ठेवायचं आणि नंतर सवडीनं थोडं थोडं काढायचं. आपल्या तासगाव-सांगलीकडं बेदाण्याची शीतगृहं पैशाला पासरी आहेत, पण ती शून्याच्या वरची. तिथं बुरशी मंदावते, थांबत नाही. आइस्क्रीम किंवा मासळीवाल्यांचा डीप फ्रीजर लागतो. कुणाकडं आहे, पूर आला तर दोन-चार आठवडे देतील का, हे मे महिन्यातच विचारून ठेवायला पाहिजे. ऑगस्टमध्ये फोन लागत नाही.

आणि खालच्या फळीवर काय ठेवायचं तेही ठरवा. आमच्याकडं जुने जाडजूड बांधीव अंक जड म्हणून सगळ्यात खाली असत. किर्लोस्करवाडीहून १९२० पासून निघणारी मासिकं, जुनी नाट्यविषयक नियतकालिकं, असं जे पुन्हा विकत मिळणारच नाही ते पहिल्यांदा बुडतं. कादंबऱ्या वर, त्या कोरड्या राहतात, आणि त्या तर बाजारात मिळतात.

---

बोरू

कृष्णाकाठ, वरचं सगळं छापून प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर लावायला हवं. एक भर घालतो. मोडी कागद पाण्यात गेले तरी धीर सोडू नका. जुनी शाई काजळाची. ती फाउंटन पेनच्या शाईसारखी पाण्यात वाहून जात नाही, आणि हातकागदही चिवट. आमच्या पाहण्यात १८ व्या शतकातला कागद धुऊन निघाला आणि १९६० चं इतिवृत्त निळं पाणी होऊन गेलं.

मोडी वाचन शिकवतो, म्हणून थोडं त्याबद्दल. जुनं दफ्तर रुमालात बांधलेलं असतं. रुमाल सोडला की उत्साही माणूस पहिल्यांदा काय करतो, तर कागद 'लावून' ठेवतो. सालवार नाहीतर नावावर. कृपा करून हे करू नका. ज्या क्रमानं कारकुनानं बांधलं त्या क्रमालाही अर्थ असतो. एका कज्जातली तक्रार, जबानी आणि निवाडा शेजारीशेजारी आहेत म्हणूनच ते एका कज्जाचे आहेत हे कळतं. क्रम मोडला की तीन सुटे कागद उरतात. आधी आहे त्या क्रमानं फोटो, मग पाठीमागं कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं बारीक आकडा, आणि परत तसंच बांधायचं. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच नको. ते नंतर काढता येत नाही, आणि कागद आत पिवळा पडत राहतो.

सूचीत तारीख कशी लिहायची हेही आत्ताच ठरवा. कागदावर सुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांत सांगितलेलं जुनं वर्ष असतं, 'सबा सबैन मया व अलफ' असा. सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७७. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७७६, आणि वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून पुढचा भाग १७७७ मध्ये जातो. मूळ कागदावरचं जसंच्या तसं आणि शेजारी इसवी सन, असं दोन्ही लिहा. नुसतं १७७६ लिहिलंत तर पुढच्याला पडताळता येणार नाही.

मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी हेच केलं. शाळेत शिकवत शिकवत पटवर्धनांचं दफ्तर वाचलं आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. आज त्यांच्या नावाचं वाचनालय मिरजेत आहे. कागद वाचणारा, तो छापणारा आणि छापलेलं सांभाळणारं वाचनालय, तिन्ही एका गावात. आपल्याला जोडायचंय ते यापेक्षा वेगळं काय आहे?

---

वाळव्याची सुमन

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिताय, पण आत्तापर्यंत राजे, सरदार, फडणीस आणि शास्त्री एवढीच माणसं आली. आमच्याकडची माणसं कुठल्या रुमालात शोधायची?

१९४३ ते ४६ आमच्या भागात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं स्वतःचं सरकार चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील आमच्या वाळवे तालुक्यातले, येडेमच्छिंद्रचे. पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं. म्हणून आमच्या गावाचे त्या आधीचे कागद शोधणारा 'सांगली' या शब्दावर शोधत बसला तर त्याला काही मिळत नाही, 'सातारा' म्हणून बघावं लागतं. सूचीत गावाच्या आजच्या जिल्ह्याबरोबर तेव्हाचा जिल्हा आणि संस्थान पण घाला. कुंडल औंध संस्थानात होतं, त्याला लागून असलेली गावं ब्रिटिश हद्दीत. पोलीस इकडून आले की माणसं तिकडं जायची. ही हद्द कळल्याशिवाय ती चळवळच कळत नाही.

दुसरं, जे सरकारी फायलीत आहे ते सरकारच्या डोळ्यांनी लिहिलेलं. मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली आहेत, त्यांत आमची माणसं आरोपी म्हणून येतात. भाकरी पोचवणाऱ्या बायका तर येतच नाहीत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं तरच राहील. ती पिढी आता जवळजवळ संपली. त्यांच्या सुना आहेत, ज्यांनी सासूच्या तोंडून ऐकलं. त्यांना विचारा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, गाव, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय हे मोठ्यानं बोला, आणि हे कुणाला ऐकवायचं याची परवानगीसुद्धा त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या.

शाळांचं पण बघा. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला, १९१४ क्रमांकापुढं 'भिवा रामजी आंबेडकर' असं नाव आहे. त्या एका ओळीमुळं आज राज्यभर विद्यार्थी दिवस होतो. ज्यानं ते जनरल रजिस्टर जपलं तो कुणी इतिहासकार नव्हता, शाळेचा कारकून होता. अशी रजिस्टरं प्रत्येक गावच्या शाळेत आहेत. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या शाळांची तर मुद्दाम शोधायला पाहिजेत. ती माणसं सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. गाव दिसतच नाही म्हटल्यावर रजिस्टर हेच गाव.

---

यवतेश्वर

सुमनताई, तुमचा प्रतिसाद वाचून सूचीचा नमुनाच बदलला. 'तेव्हाचा जिल्हा/संस्थान' हा रकाना घातला. 'कुणी लिहिलं, कुणाबद्दल' असे दोन वेगळे रकानेही घातले.

---

औंध यमाई

गड चढणाऱ्यांच्या मुद्द्यावर थोडं. लोकांना वस्तू बघायची असते हे अगदी खरं. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभं केलं ते याच विचारानं, की कला खेड्यातल्या माणसाला दिसली पाहिजे. राजा रविवर्म्यापासून इंग्रज शिल्पकार हेन्री मूरपर्यंतचं काम आजही एका डोंगराच्या पायथ्याशी बघायला मिळतं.

पण नुसती वस्तू मुकी असते. स्वतः चित्रकार असलेल्या याच राजानं १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यानं, आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना मान्य केली. चित्रं बघून बाहेर पडणाऱ्याला हे कुठं कळतं? चित्राच्या पाटीवर 'या राजाच्या घटनेबद्दल अमुक वाचनालयात अमुक पुस्तक' एवढी एक ओळ आली तरी संग्रहालय आणि वाचनालय जोडलं गेलं. यासाठी नवी इमारत लागत नाही.

आणि पाटीवर खरं लिहायला हवं. वाघनखांच्या बाबतीत लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं, की ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत हे पडताळता आलेलं नाही, हेही तेच सांगतं. एवढं लिहिल्यानं कुणाची श्रद्धा कमी होत नाही. डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात होता आणि १८२६ मध्ये त्यानं मराठ्यांचा इतिहास छापला, हा धागा मात्र बघणाऱ्याच्या हाती लागतो.

---

गड चढणारा

पुराचं आणि पाटीचं पटलं. पुण्यातलं परत मागण्याचा हट्ट सोडतो, पण त्याच्या चांगल्या प्रती साताऱ्यात बघायला मिळाव्यात ही मागणी सोडणार नाही. किल्ल्यांवरच्या शिलालेखांचे फोटो आमच्या ग्रुपकडं आहेत, ते सूचीला देतो.

---

बिनतारी

फोटो द्याल तर व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, तिथं ते दाबले जातात आणि बारीक अक्षर फुटतं. मूळ फाइल द्या. फाइलला नाव देताना 'नवीन फोटो अंतिम २' असलं नको. तालुका, गाव, संग्रह, रुमाल, पान, एवढं नावातच आलं पाहिजे. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. साताऱ्याची सांगलीला, सांगलीची साताऱ्याला, सोपं आहे.

प्रत्येक नोंदीला एक कायमचा क्रमांक हवा, जो पुन्हा कुणालाही द्यायचा नाही. वाचनालयाचा दाखल क्रमांक, दफ्तराचा रुमाल क्रमांक, संग्रहालयाचा वस्तू क्रमांक आहे तसाच राहील, आणि त्यांच्या शेजारी आपला क्रमांक बसेल. जोडणी म्हणजे तेवढीच. मग 'प्रतापसिंह महाराज' शोधलं की तिन्हीकडचं एकत्र दिसेल.

पुस्तकं सरसकट चढवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यापलीकडची मराठी विकिस्रोतावर, म्हणजे इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात, नेता येतील, तिथं मी मदत करेन.

---

दाखल रजिस्टर

जिन्याखालच्या पोत्यांसाठी आमच्या जुन्या वाचनालयात विचारलं. कार्यकारी मंडळ तयार आहे, मात्र काम तिथंच बसून करायचं. शनिवारी दुपारी वाचनकक्ष रिकामा असतो.

---

यवतेश्वर

उत्तम. पहिल्या टप्प्यात तीनच गोष्टी धरू : स्मरणिका, शाळांची जनरल रजिस्टरं (नावं प्रसिद्ध न करता, फक्त कोणत्या सालापासून आहेत एवढं), आणि घरातले कागद. सांगलीची प्रत कृष्णाकाठ सांभाळतील, वरच्या मजल्यावर. नमुना म्हणून कुणीतरी पहिली नोंद इथंच टाका.

---

वाळव्याची सुमन

टाकते. वस्तू : पोस्टकार्ड. लिपी : देवनागरी, पेनानं. कुठून : येरवडा तुरुंग. साल : १९४३, शिक्का अर्धवट. कुणी लिहिलं : चुलत आजेसासरे. कुणाला : घरी. आजचा जिल्हा सांगली, तेव्हाचा सातारा. तुरुंगाचा तपासणी शिक्का आहे, दोन ओळी काळ्या केलेल्या आहेत. कुठं आहे : आमच्या घरी, बघायला मिळेल, आधी विचारून यावं. कोपऱ्यात नंतर कुणीतरी पेन्सिलीनं दुधाचा हिशेब लिहिलाय. तो खोडून टाकू का? की वेगळी नोंद करू?

---

बोरू

खोडू अजिबात नका. नोंद एकच, पण शेऱ्यात हिशेबाचं लिहा, आकड्यांसकट. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि काळ्या केलेल्या ओळींचा एक फोटो बाजूनं तिरपा उजेड टाकून घ्या. पेनाचा दाब खोल असेल तर काही अक्षरं लागतील. रविवारी इस्लामपूरला येतोय, म्हणाल तर बघायला येतो.